रिमॅप आधी का इंटरकूलर?

प्रश्न: सर, मी जुळे सोलापूरला राहतो, सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस घेतलीय, 2.0 टर्बो. पॉवर वाढवायचीय, आधी रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) करू का इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी) बसवू?

उत्तर: इंटरकूलर. आपल्याकडं मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, त्यात टर्बो हवा दाबतो तशी ती अजून तापते आणि मग नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकणं) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागं घेतो, म्हणजे रिमॅपला पैसे घालूनही भर दुपारी पुणे हायवेला गाडी ढिलीच वाटणार. बसवताना होजचे क्लॅम्प स्वतः बघून घ्या, बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबलेली हवा, बहुतेक तिथंच लीक होतो. नंतर नवे प्लग, स्टेज 1 (रिमॅपची पहिली पायरी), आणि पेट्रोल 95 ऑक्टेनच. पण ब्रेक पॅड आणि डॉट 4 ब्रेक फ्लुइड या सगळ्याच्या आधी बदला, अगदी कळकळीनं सांगतोय. इन्शुरन्सवाल्यांनाही कळवा.