पत्रव्यवहार अन् नुसती पत्रं

ताई, तुमचा प्रश्न असा की दर्यापूरकडच्या तुमच्या वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किनच्या पत्रांच्या पुस्तकापुढं 'टोल्किनचा पत्रव्यवहार' लिहावं का 'टोल्किनची पत्रं'. 'पत्रं' लिहा. 'आम्ही पत्रव्यवहार केलाय' हे ऐकलं की डोकंच फिरतं माझं, एक अर्ज टाकून देतात, समोरून साधी पोचसुद्धा येत नाही, अन् म्हणे पत्रव्यवहार!

वावराचा व्यवहार झाला असं आपण केव्हा म्हणतो? इसार देणारा अन् घेणारा दोघं समोरासमोर बसले म्हणजेच ना. पण हा पैशाचा अर्थ सोडा, तो सगळ्यांना माहीत आहे, खरी मजा धर्मशास्त्रात आहे. तिथं व्यवहार म्हणजे राजापुढचा दावा. याज्ञवल्क्यस्मृतीत आचार अन् प्रायश्चित्ताच्या मधात अख्खा व्यवहाराध्याय आहे, अन् दाव्याचे चार पाय सांगितलेत, त्यातला फिर्यादीनंतरचा दुसरा पाय म्हणजे 'उत्तर'. अन् स्मृतिकार कात्यायनाच्या (व्याकरणवाला नाही) नावावर जी फोड आहे ती तर पाठच करा: वि म्हणजे नाना, अव म्हणजे संदेह, हार म्हणजे हरण, नाना संदेहांचं हरण करतो तो व्यवहार. व्याकरणवाले म्हणतात ही ओढाताण आहे, 'अव'चा अर्थ संदेह कुठून आणला? अहो, तुमच्या वि-अव-हृ नं धातू कळतो, शब्द कोणत्या कामाला जुंपला होता ते नाही कळत, ते कात्यायनच सांगतो.

आता टोल्किन. 1954 साली 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' बाजारात यायच्या आधीच त्याची प्रुफं वाचलेल्या लेखिका नेओमी मिचिसननं प्रश्न धाडले, यानं लांबलचक उत्तर लिहिलं. कोणी त्यातल्या खलनायकाचं, सॉरॉनचं, नाव ग्रीकमधल्या सरड्याच्या शब्दाशी जोडलं, तर 1967 च्या मसुद्यात तो ठणकावतो की काही संबंध नाही, ते मीच रचलेल्या, कथेतल्या एल्फ लोकांच्या भाषेतलं, अर्थ 'तिरस्करणीय'. संदेहहरणच झालं हे! पण 1981 च्या त्या पत्रांच्या पुस्तकात छापली ती त्याची बाजू, म्हणजे उत्तराचा पाय आहे अन् फिर्यादीचा गायब, वाचकानं नेमकं काय विचारलं ते बरेचदा त्याच्या उत्तरावरून ताडत बसायचं. त्यात ऑक्सफर्डच्या एका कॅथलिक पुस्तक दुकानाच्या मॅनेजरनं एल्फांच्या पुनर्जन्मावर शंका काढली होती, तिला त्यानं पानंच्या पानं उत्तर लिहिलं अन् धाडलंच नाही. याला व्यवहार काऊन म्हणायचं? मी तर पत्रसुद्धा म्हणत नाही, मसुदा म्हणतो.