जांगड नेलं होतं, की विकत घेतलं होतं?

विश्रामबाग, सांगली इथल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

"मी कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहे. नाण्यांच्या प्रदर्शनात ओळख झालेल्या एका छोट्या व्यापाऱ्याकडून सरकारी टांकसाळीची चांदीची स्मारक नाणी घेतली. 35 ग्रॅमची, निम्मी चांदी असलेली, 10 नग, प्रत्येकी 6,200 रुपये. दोन नाणी मुलांसाठी ठेवायची आणि आठ भाव वाढला की विकायची, असा विचार होता. 40,000 रुपये अडीअडचणीची एफडी मोडून उभे केले आणि 22,000 मुलीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला काढलेले वापरले. आठवड्यातच भाव पडला. आता दुसरे व्यापारी 4,400 ला मागतात. बिलावर छापलं आहे की 15 दिवसांत मूळ पॅकिंगसह परत केल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल. खरं सांगायचं तर ती ओळ वाचूनच मी दहा घेतली. वाढला तर ठेवू, पडला तर परत देऊ. एक नाणं मात्र प्लॅस्टिकची कॅप्सूल उघडून हातात घेतलं होतं, त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे. मेव्हणे म्हणतात, 'नाण्यावर आधीच डाग होता असं सांगून दहाही परत द्या, नाहीतर विट्याला पाठवा, गाळून चांदी काढू.' बायकोला हे पटत नाही. व्यापारी देताना म्हणाला होता, 'भाव वाढेलच असं नाही, हौस असेल तर घ्या.' माझी मुदत शनिवारी संपते. परत करणं चूक आहे का?"

नमस्कार.

पत्रात तुम्ही काही लपवलेलं नाही. 'ती ओळ वाचूनच दहा घेतली' हे वाक्य गाळलं असतं तर मी दोन ओळींत 'मुदतीत आहात, परत करा' असं उत्तर दिलं असतं. ते वाक्य लिहिलंत म्हणून हा प्रश्न विचारण्याजोगा झाला.

आधी कायद्याचं बोलू, ते लवकर संपतं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला दुकानदार नकार देऊ शकत नाही. तुमच्या नाण्यांत दोष नाही. भाव पडणं हा मालातला दोष नव्हे. मन बदललं म्हणून माल परत करायचा सरसकट हक्क आपल्याकडे कायदा देत नाही. तो तुम्हाला मिळाला तो व्यापाऱ्याने स्वतःहून बिलावर छापलेल्या शब्दामुळे. त्याने शब्द दिलाय, तुम्ही मुदतीत आहात, म्हणजे नऊ नाणी त्याच्यासमोर ठेवलीत तर त्याला पैसे द्यावेच लागतील. दहाव्या नाण्याचं पॅकिंग तुम्हीच उघडलंत, ते या हिशेबात येतच नाही.

आता जे माझ्या मनात आहे ते सांगतो.

माझे वडील सांगलीत सराफ कट्ट्यावरच्या एका पेढीत हिशेब लिहायचे. शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. तिथे रोजमेळ आणि खतावणीशिवाय एक पातळ, लाल कापडी पुठ्ठ्याची वही असायची. ती जांगडाची, म्हणजे पसंतीसाठी नेलेल्या मालाची. घरी लग्न असलं की बायका चार हार बघायच्या, दोन घरी दाखवायला न्यायच्या. पैसे द्यायचे नाहीत, नुसती सही. वडील तारीख, वजन, नाव लिहायचे आणि पुढे दोन अक्षरं: 'जां. दिला'. परत आला की त्यावर आडवी रेघ. पसंत पडला तर ज्या दिवशी पैसे येतील त्या दिवसाच्या सोन्याच्या भावाने बिल. मधल्या आठवड्यात सोनं चढलं तर तो फायदा पेढीचा, उतरलं तर तोटाही पेढीचा. कारण माल अजून पेढीचाच होता. आणि हे दोन्ही बाजूंना माल उचलतानाच ठाऊक असायचं.

तुम्ही जे केलंत ते या वहीत कुठेच बसत नाही. पैसे मोजून माल घेतलात, म्हणजे व्यापाऱ्याच्या लेखी ती खरेदी होती. मनात मात्र ते जांगड होतं, आणि तेही अर्धंच. चढलं तर फायदा तुमचा, उतरलं तर तोटा त्याचा. वायदेबाजारात असं संरक्षण हवं असेल तर त्यासाठी आगाऊ प्रीमियम भरावा लागतो, पुट ऑप्शन म्हणतात त्याला. तुम्ही ते फुकट उचललंत आणि ज्याच्याकडून उचललंत त्याला त्याचा पत्ताही नाही. मला खुपतं ते हे. परत करण्यात गैर काही नाही, पण हा हिशेब त्याच्यापासून लपवून परत करणं मला बरोबर वाटत नाही.

स्वतःला एक प्रश्न विचारा. भाव 9,000 झाला असता आणि बाराव्या दिवशी त्या व्यापाऱ्याने फोन करून म्हटलं असतं, 'पैसे पूर्ण देतो, माझी नाणी परत द्या,' तर तुम्ही दिली असती का? नसती दिली, आणि त्यात काही चूकही नव्हतं, कारण माल तुमचा झाला होता. मग पडल्यावरही तो तुमचाच आहे.

यावर तुम्ही म्हणाल की ओळ त्यानेच छापली, धोका त्याने ओळखायला हवा होता. या म्हणण्यात वजन आहे, मी ते उडवून लावत नाही. पण ती ओळ कशासाठी असते ते बघा. या धंद्यात नाण्याची अवस्था हीच त्याची किंमत असते. प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास घडवलेल्या नाण्याची सपाट बाजू आरशासारखी असते, तिच्यावरचा बारीक ओरखडा फोटोत दिसत नाही, हातात घेऊन उजेडात तिरकं धरलं तरच दिसतो. कोल्हापूरहून किंवा साताऱ्याहून टपालाने नाणं मागवणाऱ्या गिऱ्हाइकाला 'बघा, पसंत नसेल तर परत पाठवा' म्हणावंच लागतं, नाहीतर कोणी मागवणारच नाही. ती सवलत माल पारखण्यासाठी दिलेली आहे. बाजार पारखायला ती वापरायची ठरवली की तिचा अर्थच बदलतो. प्रदर्शनात टेबल मांडून बसणाऱ्या माणसाचं भांडवल ते किती असणार? तुमचे 62,000 आले तसे त्याने पुढच्या मालात घातले असतील. पडलेल्या भावाची नाणी आणि पूर्ण रक्कम, दोन्ही एकदम त्याच्या अंगावर येतील. एखाद्या मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतली असती तरी माझं मत हेच राहिलं असतं. तिथे फक्त तोटा सगळ्या गिऱ्हाइकांवर थोडा थोडा पसरतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

एका गोष्टीने माझं उत्तर पूर्ण उलटलं असतं. त्याने 'सहा महिन्यांत दुप्पट, गॅरंटी' असं सांगून गळ्यात मारली असती, तर मी म्हणालो असतो, आजच परत करा, ऐकलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पण तुम्हीच लिहिता की त्याने 'हौस असेल तर घ्या' असं बजावलं होतं. स्वतःचा माल विकताना इतकं खरं बोलणारी माणसं या बाजारात मला फार भेटलेली नाहीत.

मेव्हण्यांच्या दोन्ही सूचना बाजूला ठेवा. डाग आधीपासून होता म्हणणं हे सरळ खोटं आहे, त्यावर जास्त लिहायची गरज नाही. गाळण्याचं मात्र समजून घ्या, कारण आपल्या जिल्ह्यात हा सल्ला सहज दिला जातो. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईची माणसं देशभर पेठापेठांत सोनं-चांदी गाळतात, घराघरात कोणी ना कोणी त्या धंद्यात असतं. पण हे दागिने नव्हेत, सरकारी नाणी आहेत. नाणी वितळवण्यावर 2011 च्या नाणे कायद्यानं बंदी आहे आणि शिक्षेची तरतूदही आहे. शिवाय हिशेबही बसत नाही. नव्या संसद भवनाच्या निमित्ताने 2023 मध्ये आलेलं 75 रुपयांचं नाणं याच घडणीचं: 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबं, 5 टक्के निकेल, 5 टक्के जस्त. 35 ग्रॅमच्या नाण्यात चांदी साडेसतरा ग्रॅमच. किलोला दोन लाख भाव धरला तर ती 3,500 रुपयांची, आणि एक लाख धरला तर 1,750 ची. तुम्ही मोजलेले 6,200 सगळे काही धातूचे नव्हते, बाकीचे दुर्मिळतेच्या अपेक्षेचे होते.

आणि ही अपेक्षा फसते कशी, हेही तुमच्या अनुभवातून दिसतं. नाणं नवीन असतं तेव्हा हाती आलेले नग थोडे, चर्चा जास्त, म्हणून भाव चढतो. पण तुमच्यासारखाच विचार करून आठ-आठ, दहा-दहा नग उचलणारे बरेच असतात. ते सगळे एकदम विकायला निघाले की खरा संग्राहक शांतपणे बसून राहतो, कारण त्याला एकच नाणं हवं असतं. हळदीच्या यार्डातही हेच बघतो आपण. तेजीच्या आशेने दाबून ठेवलेली पोती एका आठवड्यात बाहेर आली की भाव बसतो. फरक इतकाच की हळद शेवटी कोणीतरी खातं. यादीत छापलेला भाव आणि तुमच्या हातात पडणारा भाव यांत व्यापाऱ्याचा नफा असतो, तो आधीच वजा धरायचा असतो.

आता पैशांचं. मी तुमच्या जागी असतो तर शनिवारची वाट बघितली नसती. उद्याच त्या व्यापाऱ्याकडे गेलो असतो आणि पत्रात लिहिलंय तसंच सांगितलं असतं: 'आठ नाणी मी भाव वाढेल म्हणून घेतली होती. भाव पडला. तुमच्या बिलावर परतीची ओळ आहे, पण ती या कामासाठी नव्हती हे मला कळतं. आजच्या भावाने तुम्ही ती परत घ्याल का?' सगळं ऐकूनही तो म्हणाला, 'असू द्या, ओळ मीच छापलीय, पूर्ण पैसे घ्या,' तर निःशंक घ्या. आता ते त्याने जाणूनबुजून दिलेलं आहे, तुम्ही काढून घेतलेलं नाही. तो म्हणाला की आजच्या भावाने घेतो, तर 4,400 प्रमाणे आठ नाण्यांचे 35,200 येतील. हातात रोकड नसेल तर त्याच्याच टेबलावर विकायला ठेवा, कमिशन ठरवून. तेही जमलं नाही तर दुसऱ्या व्यापाऱ्याला द्या. ऑनलाइन विकायला गेलात तर एक सावधगिरी ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने 'आधी फी भरा, कर भरा, मग नाणी घेतो' म्हणणारे लोक आहेत. असं कमिशन किंवा शुल्क आपण कधीच घेत नाही, असं बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. बिल जपून ठेवा.

35,200 आले की पहिले 22,000 फीच्या खात्यात. त्यावर चर्चा नको, ते पैसे मुलीचे होते. उरलेले 13,200 परत एफडीत. आठ नाण्यांवरची खोट 14,400 रुपये. बँकेत 1,200 रुपयांचं आवर्ती खातं उघडलंत तर 12 महिन्यांत एवढे भरून निघतात, वर थोडं व्याज. दर महिन्याला ते 1,200 कापले जाताना तुम्हाला टोचेल, टोचू द्या. 'भाव परत वर येईल, थांबू' असा मोह होईल, पण तुमच्या घरी अडीअडचणीचा निधी सध्या नाहीच. आजारपण आलं तर पतसंस्थेच्या दारात उभं राहावं लागेल, आणि तिथलं व्याज या नाण्यांच्या कुठल्याही तेजीपेक्षा खात्रीचं असतं.

वहिनींना सांगा की त्यांचं बरोबर होतं. फक्त त्यांनाही हा सगळा हिशेब दाखवा, 14,400 चा आकडासुद्धा. एफडी मोडताना दोघांनी बसून ठरवलं असतं तर दहाची पाच झाली असती, असं मला वाटतं.

दोन नाणी मुलांसाठी ठेवणार आहात, ती ठेवा. त्यातलं एक ठसा उमटलेलंच असू द्या, कारण ते विकायला काढलंत तर प्रत्येक वेळी त्या ठशाबद्दल आधी सांगावं लागेल. रुमालाने, सुती कापडाने, कशानेही ते पुसू नका. प्रूफ नाणं पुसलं की आरशावर बारीक रेघा पडतात आणि त्या परत जात नाहीत. कडेने धरून कॅप्सूलमध्ये ठेवा आणि झाकण लावा. मुलगी मोठी होईल तेव्हा उजेडात तिरकं धरून तो ठसा तिला दाखवा, कोणाचा आहे ते सांगा.