'मेटाबोलिझम'ला 'चयापचयवाद' म्हणावे का?

प्रश्न : जपानी वास्तुकलेतल्या १९६० च्या 'मेटाबोलिझम' चळवळीवर मराठीत लिहिताना 'चयापचयवाद' चालेल का? की 'पुनर्विकास' किंवा 'जीर्णोद्धार' असा ओळखीचा शब्द घ्यावा?

उत्तर : नाव म्हणून 'मेटाबोलिझम'च ठेवावे. कल्पना (सांगाडा टिकतो, भाग बदलत राहतात) उलगडताना 'चयापचय' जरूर वापरावा. 'पुनर्विकास' मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्याने अर्थ उलटाच होतो.

हा शब्द सुचला तो वास्तुकाराला नव्हे, समीक्षकाला. कावाझोए नोबोरू (१९२६–२०१५) हे 'शिनकेंचिकू' या वास्तुकलेच्या मासिकाचे माजी संपादक. मे १९६० मध्ये तोक्योत जागतिक डिझाइन परिषद भरणार होती. तिच्या तयारीच्या निमित्ताने किकुताके कियोनोरी, कुरोकावा किशो, माकी फुमिहिको, ओताका मासातो ही वास्तुकार मंडळी त्यांच्याभोवती जमली. किकुताके यांच्या समुद्रावरच्या कल्पित शहराची चर्चा चालू असताना कावाझोए यांनी 'शिनचिनताइशा' हा जपानी शब्द वापरला. परिषद जगाची, तेव्हा नाव परक्यांनाही कळावे म्हणून किकुताके यांनी जपानी-इंग्रजी कोश उघडला आणि 'मेटाबोलिझम' हाती लागला.

मराठी प्रतिशब्दाची अडचण या मूळ शब्दातच आहे. 'शिनचिनताइशा'त जपानी लिपीतली चार अक्षरे : शिन म्हणजे नवे, चिन जुने, ताइ म्हणजे बदली येणे, शा म्हणजे निरोप घेऊन निघून जाणे. शरीरक्रियेसाठी जपानीत हाच शब्द आहे, पण एखाद्या संस्थेत जुनी माणसे जाऊन नवी आली तरी हाच वापरतात. आपल्या 'खांदेपालटा'ची छटा त्यात आहे. 'चयापचया'त ती नाही. चय म्हणजे साठणे, अपचय म्हणजे घटणे. दोन्ही 'चि' (गोळा करणे) या धातूचे. 'पचन' आणि 'अपचन' वेगळ्या, 'पच्' धातूचे. तरीही 'चयापचयवादी शहर' वाचले की निम्म्या वाचकांना पोट आठवते, त्याला इलाज नाही.

शिवाय 'वाद' हा प्रत्यय इथे बसत नाही. परिषदेच्या वेळी काढलेल्या 'मेटाबोलिझम १९६०' या पुस्तिकेची सुरुवातच अशी आहे, की हे एका गटाचे नाव आहे. पुढे म्हटले आहे, की जीवशास्त्रातला शब्द घेतला, कारण रचना आणि तंत्रज्ञान हा माणसाच्या जीवनशक्तीचाच विस्तार आहे. आणि समाजातली ही नव्याजुन्याची अदलाबदल निमूट स्वीकारायची नसून तिला मुद्दाम चालना द्यायची आहे. विशेषनामाचे भाषांतर करायचे कारण नाही.

कावाझोए यांनी स्वतः इमारत उभी केली नाही, पण त्यांच्या शब्दाने आराखड्यापुढे नवा प्रश्न ठेवला : यातला कोणता भाग किती वर्षांनी जाणार? किकुताके यांनी 'स्काय हाउस' या आपल्या घरात (१९५८) स्वयंपाकघर आणि न्हाणीघर हलवता-बदलता येतील असे केले होते; मुलांची खोली नंतर मजल्याखाली टांगली. शब्द आला तेव्हा हे उदाहरण तयारच होते.

आता 'पुनर्विकास' का नको. मुंबईत पुनर्विकास म्हणजे सबंध इमारत पाडून नवी बांधणे. मेटाबोलिझममध्ये सांगाडा टिकतो, भाग बदलतात. कुरोकावा यांच्या तोक्योतल्या नाकागिन टॉवरमध्ये (१९७२) दोन खांबवजा गाभ्यांना १४० कॅप्सूल, म्हणजे छोट्या तयार खोल्या, जोडल्या होत्या, प्रत्येक चार बोल्टांवर. सुमारे २५ वर्षांनी त्या बदलायच्या असे ठरले होते. एकही बदलली गेली नाही. कॅप्सूल इतक्या दाटीने रचल्या होत्या, की खालची काढायला आधी वरच्या काढाव्या लागत. त्यातून प्रत्येकीचा मालक वेगळा, म्हणजे एकाला बदलायची असली तरी इतरांचीही संमती हवी. शिवाय बांधकामात आरोग्याला घातक ॲस्बेस्टॉस. २०२२ मध्ये ही इमारत पाडायला घेतली; २३ कॅप्सूल जतन झाल्या. म्हणजे शेवटी झाले ते आपल्या अर्थाने 'पुनर्विकासा'च्या वाटेवरचेच, आणि म्हणूनच चळवळीसाठी तो शब्द वापरला तर तिचे अपयशच तिचा हेतू म्हणून सांगितल्यासारखे होईल.

'जीर्णोद्धार' जवळचा वाटतो, पण जीर्ण होण्याची वाट पाहणे त्यात गृहीत आहे. कावाझोए यांनी वास्तुकार तांगे केन्झो यांच्यासह ज्यावर पुस्तक लिहिले, त्या जपानमधल्या इसे देवस्थानात दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर तसेच नवे देऊळ बांधतात आणि मग जुने उतरवतात. २०१३ मध्ये ही ६२ वी वेळ होती. मोडले म्हणून दुरुस्त केले, असे तिथे काही नाही. मुदत आधीच ठरलेली.

प्रत्यक्ष लिहिताना असे करता येईल : 'मेटाबोलिस्ट वास्तुकारांनी शहराच्या चयापचयाची कल्पना मांडली : सांगाडा दीर्घायुषी, कॅप्सूल अल्पायुषी.' पहिल्या उल्लेखात 'शिनचिनताइशा, म्हणजे नव्याने जुन्याची जागा घेणे' एवढे एकदा सांगावे. 'कॅप्सूल'ला 'कुपी' करू नका, अत्तर डोकावते. विशेषण हवे असेल तर 'चयापचयी'पेक्षा 'मेटाबोलिस्ट' बरे. आणि मेटाबोलिझम, मेटॅबॉलिझम, मेटाबॉलिझम यांपैकी एकच लेखन शेवटपर्यंत ठेवा. मी पहिले निवडतो, कारण जपानी उच्चार त्याच्या जवळचा आहे.