बांधातली घूस

प्रश्न : सर, माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले. ‘जर्मन बांधात घुशीसारखा बसला होता,’ असं सांगायचे. १९४५च्या एप्रिलात जर्मनी हरल्यातच जमा होती. मग तो एवढ्याशा नदीवर का अडून बसला? मागे पोसारखी मोठी नदी होती की, तिच्यापलीकडे सरकायचं!
— एक वाचक, सातारा

उत्तर : घुशीची उपमा शेतकऱ्यालाच सुचणार! ती नदी सेनिओ. पाणी जेमतेम चार-पाच फूट, पण दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले उंच, उभ्या चढाचे बांध. जर्मनांनी ते आतून पोखरले, मशीनगनी बसवल्या, भोवती सुरुंग पेरले.

पण तिथं बसायची त्यांच्या सेनापतींचीही इच्छा नव्हती. १९४४च्या शरदातच पोच्या मागे सरकायची योजना तयार होती. नाव ‘हेर्ब्स्टनेबेल’, म्हणजे शरदातलं धुकं. हिटलरने ती फेटाळली. (गंमत बघा, पुढे डिसेंबरात बेल्जियमकडच्या आर्देनच्या जंगलातल्या हल्ल्याला हेच नाव दिलं. माघारीचं नाव चढाईला!) उत्तर इटलीतलं धान्य आणि कारखाने त्याला हवे होते, हे एक कारण. पण खरं सांगायचं तर तोवर ‘मागे हटू नका’ यापलीकडे त्याच्याकडे डावपेच उरलेच नव्हते. लाटव्हियातल्या कुर्लांडमध्येही त्याने अख्खं सैन्य असंच अडकवून ठेवलं.

१९४५च्या ९ एप्रिलला दुपारी आधी मित्रराष्ट्रांचे बॉम्बर आले, मग तोफा. तोफा मध्येच थांबत. आता हल्ला येणार म्हणून जर्मन बिळाबाहेर येऊन मोर्चे धरत, की पुन्हा भडिमार. असं पुन्हा पुन्हा. संध्याकाळी पायदळ पाण्यात उतरलं. शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांतून अलीकडे आणलं आणि पुन्हा पलीकडे गेले. हाताला गोळी लागून टॉमीगन चालेना, तर ती फेकून हातबॉम्बने मोर्चे उडवले. मग बांधावर उभं राहून गर्जना करत मागच्या कंपन्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं.

जर्मन सरसेनापती फीटिंगहोफने १४ एप्रिलला पुन्हा माघारीची परवानगी मागितली. उत्तर आलं, इंच इंच लढवा. २० तारखेला त्याने स्वतःच्या जबाबदारीवर हुकूम दिला, पण तोवर उशीर झाला होता. पोवरचे पूल विमानांनी आधीच पाडले होते. तोफा, गाड्या दक्षिण काठावर टाकून माणसं मिळेल त्या होडीने, नाहीतर पोहत पलीकडे गेली. तुम्ही म्हणता ती पो नदीच त्यांच्या वाटेत खंदकासारखी आडवी आली! २९ एप्रिलला दक्षिण इटलीतल्या कासेर्तात शरणागतीवर सह्या झाल्या, २ मेपासून ती लागू झाली.

आजोबांचं डिस्चार्ज बुक घरात असेल तर पलटणीचा नंबर बघा. पहिली, म्हणजे जाधवांची पलटण निघाली, तर ९ तारखेचा तो बांध त्यांनी जवळून पाहिला असणार.