जंगली बटाट्याला कीड का लागत नाही?

प्रश्न: परसातल्या वांगी-बटाट्याची पानं ठिपकेवाले भुंगे खाऊन पार चाळण करतात. जंगली बटाट्याला म्हणे कीड लागत नाही, खरं का? – एक वाचक, गुहागर

उत्तर: बरंचसं खरंय ताई. दक्षिण अमेरिकेतल्या सोलॅनम चाकोएन्से ह्या जंगली बटाट्याच्या काही झाडांच्या पानांत लेप्टाइन नावाचं किड्यांना नकोसं द्रव्य असतं, बटाट्याची पानं फस्त करणारा अमेरिकेतला कोलोरॅडो भुंगा ते पान खायचंच टाळतो, आणि भारी गोष्ट म्हणजे लेप्टाइन पानातच राहतं, कंदात उतरत नाही. पण संकर करून हा गुण आपल्या खायच्या बटाट्यात आणणं सोपं नाही हो, ह्याच जातीपासून अमेरिकेत १९६७ला आणलेला लेनापे बटाटा १९७०मध्ये मागे घ्यावा लागला, कंदात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं जास्त निघाली म्हणून. तुम्ही सकाळी पानं उलटून ठिपकेवाल्या भुंग्यांच्या पिवळ्या अंड्यांचे पुंजके चिरडा. आणि ह्याच सोलॅनिनमुळे हिरवा पडलेला बटाटा भाजीत अजिबात नको.