झाडलोट केली नाही तरी

"मी मुलांना रोज सांगते, देव तुमच्यावर प्रेम करतो. पण मॅडम, मला स्वतःला ते जाणवतच नाही. मग मी त्यांच्याशी खोटं बोलते काय?"

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मिशनच्या वसतिगृहांत आणि बालगृहांत राबणाऱ्यांकडून हा प्रश्न मी समुपदेशन करताना इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्यावर लिहायलाच हवं. विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात. आपला विश्वास कमी पडतो, असंच प्रत्येकीला वाटत असतं. त्यांतल्या एकीची ही हकीकत, तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने.

ती निपाणी भागातल्या एका वसतिगृहात गृहमाता. मुलं तिला अक्का म्हणतात. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरतात, कुणाला कुणीच नाही. अक्का पहाटे उठून पाणी तापवण्यापासून रात्री शेवटच्या पोराच्या अंगावर पांघरूण घालेपर्यंत पायांवर उभी. तिच्या पिशवीत एक वही असायची. दिवसभरात किती सेवा झाली, प्रार्थना किती वेळ झाली, कुणावर आवाज चढला, सगळं तीत लिहिलेलं. हिशोब कमी भरला की झोप नाही.

"रजा कधी घेतलीत?"

"रजा? देवाच्या कामाला रजा असते होय?"

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत हे फार खोल रुजलं आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी निराधार मुलींना आसरा दिला, त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. हा वारसा अभिमानाचाच आहे. पण त्यातून आपण सेवा तेवढी उचलली, आणि सेवा करणाऱ्याला प्रेम फुकटच मिळालेलं आहे हे मागे राहिलं.

काही भेटी झोपेवर, पाठदुखीवर गेल्या. मग एकदा तिने सहज एका मुलीचा विषय काढला. नऊ वर्षांची, नवीन आलेली, फार गुणी. न सांगता अंगण झाडते, लहानांच्या वेण्या घालते, कधी हट्ट नाही. "सगळी अशी असती तर!" अक्का म्हणाली.

मला मात्र त्या गुणीपणाची काळजी वाटली. दंगा करणाऱ्या पोरापेक्षा असं मूल मला जास्त घाबरलेलं वाटतं. इथली जागा रोज कमवावी लागते, असं त्याने मनाशी धरलेलं असतं.

पुढच्या भेटीत अक्का सांगू लागली, "त्या पोरीला ताप भरला. अंग नुसतं भाजत होतं, तरी पहाटे खराटा घेऊन उभी. निजवायला गेले तर रडायला लागली. अक्का, उद्या दुप्पट झाडते, मला परत पाठवू नका."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? जवळ घेतलं. म्हटलं, अगं वेडे, झाडलोट करतेस म्हणून ठेवलंय होय तुला इथं? तू आमची आहेस की."

"हेच परत एकदा म्हणा. पण ते देव तुम्हाला म्हणतोय, असं समजून."

तिने तोंड उघडलं. "झाडलोट करतेस म्हणून..." पुढे शब्द फुटेना. पदर तोंडाला लावून ती रडली, बराच वेळ. मी मध्ये बोलले नाही. माझ्या कामात गप्प बसणं मला सर्वांत उशिरा जमलं, आणि त्याचाच उपयोग सर्वांत जास्त झाला.

ती स्वतः घरातली थोरली. आईच्या आजारपणात चूल सांभाळली म्हणून कौतुक झालेली. देवाकडेही ती तीच मुलगी होऊन गेली होती. लूकच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यातला, वाटणी उधळून घरी परतणारा धाकटा मुलगाही असाच, बापाने आपल्याला मजूर म्हणून ठेवावं, हे वाक्य पाठ करून निघालेला. बाप धावत येऊन गळ्यात पडतो आणि ते वाक्य त्याच्या तोंडातच राहतं. अक्काने हा दाखला मुलांना कितीदा तरी सांगितला होता.

म्हणून अशा प्रत्येक ताईला मी सांगते, देवाचं प्रेम जाणवत नसेल तर प्रार्थनेची मिनिटं वाढवू नका. तुम्ही एखाद्या पोराला काही न मागता जवळ घेतलं, तो क्षण आठवा. ते प्रेम तुमच्यात आधी कुणीतरी ओतलेलं आहे. आठवड्याची सुट्टी हक्काने घ्या. झोप, भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल तर डॉक्टरांकडे जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. औषध घेतल्याने विश्वास उणा होत नाही. आणि मुलांना "शहाण्यासारखं वाग, नाहीतर देवाला आवडणार नाहीस" असं चुकूनही म्हणू नका. उपासनेला आलास तरच लाडका, हीसुद्धा अटच. आपल्याकडची कितीतरी मुलं ख्रिस्ती नसतात.

अक्काने वही बंद केली, रविवारी दुपारी ती आता झोपते. त्या मुलीने मात्र झाडायचं सोडलं, भांडते, उलट बोलते. परवा अक्काचा फोन आला, "पोरगी बिघडली की हो!" मी म्हटलं, अभिनंदन. ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९४९ मध्येच लिहून ठेवलं आहे की नव्या घरात आलेल्या मुलाला आशा वाटू लागली की ते त्या घराची परीक्षा घेतं. मारलं तर हात धरा, ताट फेकलं तर उचलायला लावा, नियम सगळ्यांना तोच ठेवा. फक्त परत पाठवण्याची धमकी देऊ नका, रागाच्या भरातसुद्धा.