आईच्या कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर करावे, की मणका बसवून घ्यावा?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे: आईंचे वय ५६ आहे, त्या केळापूर तालुक्यात निंदण आणि कापूस वेचणीची मजुरी करतात, दिवाळीनंतर सुरू झालेली कंबरदुखी अजून हटलेली नाही आणि अधूनमधून डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाते. तालुक्याच्या गावी एक जण सुया टोचतात, दुसरे मणका कडकड वाजवून ‘बसवून’ देतात, आणि दोघेही दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागतात. आतापर्यंत मेडिकलच्या दुकानातील गोळ्यांखेरीज काहीही झालेले नाही, एक्स-रेसुद्धा नाही. दोघांपैकी कोणाकडे जावे, आणि पुढच्या हंगामात आईंना वेचणीला जाता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातच फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, आणि वेचणी संपता संपता अशाच तक्रारी घेऊन येणाऱ्या बायका वर्षानुवर्षे पाहते आहे. माझे मत असे आहे की तपासणी झाल्यानंतर ॲक्युपंक्चर करून पाहायला हरकत नाही. कंबरेला झटका देऊन घेण्याचा विचार त्या तपासणीत सर्व काही ठीक निघाले तरच, आणि तोही प्रशिक्षित हातांकडूनच करावा. मानेला झटका मात्र कोणालाही, कोणत्याही कारणासाठी देऊ देऊ नये. आईंची मान दुखत नसली तरी हे मुद्दाम लिहीत आहे, कारण कंबरेसाठी गेलेल्या माणसाची मानही ‘मोकळी’ करून देण्याची पद्धत मी पाहिलेली आहे.

तपासणीचा आग्रह मी का धरते आहे, हे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्या भागात कंबरदुखीच्या मागे काही अशी कारणे लपलेली असतात की ज्यांचा विचार परदेशी व्हिडिओ पाहून मणके वाजवायला शिकलेल्या माणसाच्या मनात येणारही नाही. पहिले कारण मणक्याचा क्षयरोग. त्यात खोकला असेलच असे नाही. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणे, भूक मंदावणे आणि पडून राहिल्यावरही न थांबणारी, रात्री झोपू न देणारी पाठदुखी एवढीच लक्षणे दिसू शकतात. अशा पोखरलेल्या मणक्यावर जोर पडला तर तो ढासळून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो आणि पाय लुळे पडू शकतात. वेळेत ओळखला तर हा आजार औषधांनी बरा होतो. औषधे वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घ्यावी लागतात, पण ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

दुसरे कारण आपल्या पाण्यात आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांच्या बोअरच्या आणि हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि केळापूरचा परिसर त्यातलाच आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये असे भारतीय मानक सांगते. त्याहून बरेच जास्त फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की हाडे दिसायला दाट पण ठिसूळ होतात, मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध चुन्यासारखे कडक होत जातात, कंबर आणि मान वळेनाशी होते. ही पाठ जखडलेली असते, म्हणून झटका देणाऱ्याला ती ‘मोकळी करण्याजोगी’ वाटते. प्रत्यक्षात झटक्याने तिथे हाड मोडण्याचाच धोका असतो. तुमच्या घरी पाणी कुठून येते आणि त्याच्या तपासणीचा अहवाल काय आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा. गावातल्या लहानपणापासून तेच पाणी पिणाऱ्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतील, तर ही शंका अधिकच गांभीर्याने घ्या.

तिसरे कारण सिकलसेल, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार. विदर्भातील अनेक समाजांत हा आजार पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. त्यात हाडांचा रक्तपुरवठा अडून तीव्र वेदना होतात आणि कित्येकांच्या खुब्याच्या हाडाचा गोळा हळूहळू मरत जातो. ते दुखणे जांघेतून गुडघ्याकडे उतरते आणि घरचे लोक त्याला कंबरेचेच दुखणे समजतात. नुसत्या वाहकाला, म्हणजे ज्याला स्वतःला आजार नसतो पण ज्याच्याकडून तो मुलांत जाऊ शकतो त्याला, सहसा असा त्रास होत नाही, परंतु नात्यात कोणाला सिकलसेल असेल आणि आईंची रक्ततपासणी कधीच झाली नसेल, तर ती करून घ्या. प्राथमिक चाचणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. याखेरीज पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे विरळ होतात, आणि साधे गाठोडे उचलताना मणका दबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

म्हणून आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन कंबरेचा आणि खुब्याचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, ईएसआर (शरीरात कुठे दाह आहे का हे सुचवणारी रक्तचाचणी), साखर आणि सिकलसेलची चाचणी एवढे करून घ्या, आणि पायाची ताकद व संवेदना डॉक्टरांकडून तपासून घ्या. एमआरआयची घाई करू नका. पन्नाशीच्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तरी त्यांतील सुमारे ८० टक्के लोकांच्या मणक्यांतील गादी झिजलेली दिसते, त्यामुळे ‘गादी झिजली’ या दोन शब्दांनी घर घाबरून जाते आणि हाती काहीच लागत नाही. मात्र पायाचा पंजा उचलता येईनासा झाला, लघवी अडकली किंवा आपोआप होऊ लागली, अथवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामच्या रुग्णालयात किंवा नागपूरला ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचले पाहिजे. तेव्हा सुई, मालिश, झटका यांपैकी कशातही एक दिवसही घालवू नका.

आता सुयांबद्दल. ही चीनमधील जुनी उपचारपद्धती आहे आणि तिच्या भारतातील इतिहासाशी विदर्भाचा एक धागा जोडलेला आहे. १९३८ मध्ये जपानच्या आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनला मदत म्हणून भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांना ठाऊक असतात, पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसूही होते. या बसूंनीच पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते १९५९ च्या सुमारास भारतात आणले. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली नोंदणी करणारी परिषदही आहे. तेव्हा सुया टोचणाऱ्या व्यक्तीला नोंदणी क्रमांक विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि विचारल्यावर जी व्यक्ती रागावेल तिच्याकडे आईंना नेऊ नका.

गुण किती येतो, याचे प्रामाणिक उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना चांगला उतार पडला होता. ठरलेल्या बिंदूंपासून दूर, वरवर टोचलेल्या खोट्या ॲक्युपंक्चरने ४४.२ टक्के रुग्णांना. आणि औषधे, फिजिओथेरपी व व्यायाम या नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के रुग्णांना. माझ्या स्वतःच्या विषयाला हे आकडे अनुकूल नाहीत, तरीही ते सांगणे मला आवश्यक वाटते. त्यांवरून मी असे समजते की सुई नेमक्या कोणत्या बिंदूवर टोचली याला फारसे महत्त्व नसावे. टोचण्याने मज्जातंतूंना मिळणारी चेतना, त्यामुळे शरीरात स्रवणारी एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये, निवांत पडून राहायला मिळालेला अर्धा तास आणि कोणीतरी लक्ष देऊन केलेली विचारपूस यांचा तो एकत्रित परिणाम असावा. उतार मात्र खरा असतो. याच प्रकारचा पुरावा तपासून उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे ठरवले, तर अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये ते देण्याजोग्या उपचारांत धरले. तज्ज्ञांचे असे मतभेद असताना ‘हमखास गुण’ म्हणून छापलेल्या पत्रकावर तुम्ही विश्वास ठेवू नये.

सुया करायच्या ठरल्या तर प्रत्येक वेळी नवे, सीलबंद पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर उघडले गेले पाहिजे आणि वापरलेली सुई लगेच टाकून दिली गेली पाहिजे. एकाची सुई दुसऱ्याला लागली तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही यांचा धोका असतो, आणि गर्दीच्या शिबिरांत मला नेमकी याचीच भीती वाटते. छातीच्या पिंजऱ्यावर किंवा खांद्याजवळ खोल सुई गेली तर क्वचित फुप्फुसाला छिद्र पडते, म्हणून कंबरेच्या दुखण्यासाठी छातीकडे सुई नकोच. आईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा साखर वाढलेली असेल, तर ते आधी सांगा. उपाशी पोटी नेऊ नका, भोवळ येते. आणि दहा बैठकांचे पैसे एकदम भरू नका, एकेका बैठकीचे द्या. चार-सहा बैठकींत चालणे, बसणे, झोपणे यांत काहीच फरक जाणवला नाही, तर तिथे थांबावे असे माझे मत आहे.

मणका बसवण्याच्या पद्धतीचे नाव कायरोप्रॅक्टिक. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये ती सुरू केली, आणि बहुतेक आजार मणके जागचे हलल्यामुळे होतात अशी त्यांची धारणा होती. ती धारणा पुढे टिकली नाही, परंतु ‘मणका सरकला होता, मी बसवला’ हे वाक्य टिकून राहिले. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची रीत होती, त्यामुळे हे वाक्य गावात चटकन पटते. कडकड आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील वंगणासारख्या द्रवात अचानक दाब कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज असतो. बोटे मोडताना येतो तसाच. झटक्यानंतर स्नायू काही काळ सैल पडतात आणि दुखणे हलके वाटते. कंबरेपुरता हा फायदा अभ्यासांत दिसतो, पण तो मध्यम स्वरूपाचा असतो आणि व्यायामाने मिळणाऱ्या फायद्याहून मोठा नसतो.

मानेच्या झटक्याने मात्र मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण मान अवघडणे हे तसेही काही दिवसांत बरे होणारे दुखणे असल्यामुळे तेवढा धोकाही पत्करण्याचे कारण मला दिसत नाही. शिवाय भारतात कायरोप्रॅक्टिकची नोंदणी ठेवणारी वेगळी वैधानिक परिषद नाही. परदेशात त्यासाठी काही वर्षांचे पूर्ण शिक्षण घ्यावे लागते. इथे कोणीही पाटी लावू शकतो. आईंच्या पायात कळ जाते आहे, म्हणजे मज्जातंतूवर दाब असण्याची शक्यता आहे, आणि त्या अवस्थेत अनोळखी हाताचा जोरदार पिळा मला मान्य नाही. हाताने करायचे उपचार हवेच असतील, तर तपासणीनंतर पदवीधर फिजिओथेरपिस्टकडून सांध्यांची हलकी, झटका नसलेली हालचाल करून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम, रुग्णाला दुखण्याची नीट माहिती देणे, मालिश, मणक्यांचे हाताने केलेले उपचार आणि सुया यांना जागा आहे. कंबरेचे पट्टे, वजने लावून ताण देणे आणि अल्ट्रासाउंडचा शेक यांना नाही. तेव्हा आईंना कोणी पट्टा घेऊन दिला असेल, तर तो दिवसभर बांधून ठेवण्याची गरज नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच्याशीच निगडित आहे. सुईने असो वा हाताने, दुखणे काही दिवस कमी झाले की तेवढ्या अवधीत कंबर बळकट करून घेतली नाही, तर पुन्हा वावरात वाकल्याबरोबर ते परत येते. तपासणीत गंभीर काही निघाले नाही, तर आईंनी रोज सकाळ-संध्याकाळ सपाट रस्त्याने सोसेल तेवढे चालावे; उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर सावकाश वर उचलावी; आणि पालथे पडून कोपरांवर छाती उचलल्याने पायातली कळ वर कंबरेकडे सरकत असेल, तर तो व्यायाम दिवसातून अनेकदा करावा. कळ उलट खाली पावलाकडे उतरत असेल, तर तो लगेच बंद करावा. गादीमुळे पायात येणारी कळ बहुतेकांची शस्त्रक्रियेशिवाय काही आठवडे ते काही महिन्यांत ओसरते. आईंची त्या मुदतीत ओसरली नाही, तर एमआरआय आणि अस्थिरोगतज्ज्ञ यांची वेळ आली असे समजा.

वेचणीला त्या बहुधा जाऊ शकतील, पण पूर्वीच्याच पद्धतीने नाही. कापसाची झोळी पूर्ण भरेपर्यंत कमरेला ओढत ठेवू नये, अर्धी झाली की रिकामी करावी. खालची बोंडे वेचताना कमरेतून वाकण्याऐवजी, गुडघे साथ देत असतील तर उकिडवे बसावे, आणि थोड्या थोड्या वेळाने ताठ उभे राहून कंबर मागे कलवावी. गाठोडे डोक्यावर घेऊन बंडीपर्यंत (बैलगाडीपर्यंत) नेण्याचे काम या वर्षी दुसऱ्या कोणीतरी करावे. निंदणासाठी उभ्याने चालवायचा सायकल डवरा मिळत असेल, तर ओळींमधल्या तणासाठी तो वापरावा. वेचणीची मजुरी किलोवर असते आणि सावकाश वेचले की पैसे कमी पडतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच पहिले काही आठवडे निम्मा दिवस काम करावे आणि तेवढी तूट घराने सोसावी, असे माझे तुम्हा भावंडांना सांगणे आहे. एक्स-रे आणि रक्ताचे अहवाल आले की नाव झाकून इथे टाका. मी ते पाहून पुढचे व्यायाम लिहीन.